शनिवार-रविवारी घराबाहेर पडताना: बंद शटरची आधीच चौकशी



या महिन्याचा अभ्यासपाठ प्रवासाचा आहे. बैठकीत बचत आणि परतफेडीची नोंद झाली, की एकीने हा पाठ मोठ्याने वाचावा. प्रत्येक भाग संपला की थांबावं आणि आपापला अनुभव सांगावा. साधारण एक तास लागेल. शेवटी एक काम दिलं आहे, ते मात्र त्याच बैठकीत सुरू करायचं आहे.

हा पाठ कशासाठी?

आपण बायका प्रवासाला कधी निघतो? बहुतेक वेळा शनिवारी. मुलांची शाळा शनिवारी सकाळची असते. ती सुटली की पोरांना जेवायला घालायचं, पिशव्या भरायच्या आणि एसटी धरायची. माहेर, लग्न, बारसं, जत्रा, दवाखान्यात असलेल्या नातेवाइकाला भेटणं, गटाचं प्रदर्शन, सगळं शनिवार-रविवारवरच येतं. २०२३ च्या मार्चपासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि आपलं जाणं-येणं आणखी वाढलं. चांगलंच झालं.

पण नेमक्या याच दोन दिवसांत वाटेवरची अर्धी दारं बंद असतात. शनिवारी बाराला निघालेली बाई दीड-दोनला बाजारपेठेत उतरते, तर दुकानं दुपारची बंद. "चार वाजता ये गो बाय," असं उत्तर मिळतं. आणि तिची गावाकडची गाडी असते साडेतीनची! रविवारी तर दिवसभर शटर खाली.

यात कधी नुसती गैरसोय होते, कधी पैसे जातात, तर कधी जिवावर बेततं. म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवूया: दुकानाची सुट्टी अचानक येत नाही. ती ठरलेली असते, फक्त आपल्याला ठाऊक नसते. जे ठरलेलं आहे ते आधी विचारून, लिहून ठेवता येतं.

भाग १: काय बंद, कधी आणि का?

*दुकानं.* पुण्याच्या 'एक ते चार'वर लोक विनोद करतात, पण आपल्या सिंधुदुर्गातल्या बाजारपेठाही दुपारी झोपतातच की. दुकानदार पहाटेपासून उभा असतो, उन्हात गिऱ्हाईक नसतं, म्हणून तो जेवून पाठ टेकतो. आठवड्याच्या सुट्टीचा वार प्रत्येक गावात वेगळा असतो.

कोणी म्हणेल, "सरकारी नियम असेल ना सुट्टीचा?" तर महाराष्ट्रात दुकानांसाठी २०१७ चा कायदा आहे. त्यानुसार दुकान वर्षाचे सगळे दिवस उघडं ठेवता येतं, मात्र कामगाराला आठवड्याची सुट्टी द्यावीच लागते. म्हणजे रविवारी दुकान बंद ठेवणं हा बहुतेक ठिकाणी गावच्या व्यापाऱ्यांचा ठराव किंवा मालकाची सोय असते. त्यामुळे एका गावावरून दुसऱ्या गावाचा अंदाज बांधू नका. तिथल्याच माणसाला विचारा.

*आठवडी बाजार.* हा आपला जुना आणि भरवशाचा आधार. सावंतवाडीचा बाजार मंगळवारी, कुडाळचा बुधवारी, म्हापशाचा शुक्रवारी. बाजाराच्या दिवशी बहुधा दुपारीही दुकानं उघडी असतात, भाजी-मासळी ताजी मिळते आणि गाड्याही जास्त असतात. शनिवारच्या प्रवासाची खरेदी या मधल्या वारीच उरकली, तर शनिवारी दुकान शोधायची पाळीच येत नाही.

*गोवा.* आपल्याकडचे कितीतरी पेशंट बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात असतात आणि त्यांना भेटायला आपण रविवारीच जातो. गोव्यात रविवारी पुष्कळ दुकानं बंद असतात आणि इतर वारी दुपारचीही विश्रांती असते. म्हणून पेशंटचं सामान, म्हणजे चादर, थर्मास, साबण, बिस्किटं, इथूनच घेऊन जा. तिथे उतरून घेऊ म्हणाल, तर जवळ जे मिळेल ते आणि सांगतील त्या दराने घ्यावं लागतं.

*सरकारी कार्यालयं.* २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा आहे. शनिवार आणि रविवार दोन्ही दिवस सुट्टी. "शनिवारी माहेरी जातेच आहे, तर तिकडच्या तहसीलमधून दाखला पण आणते," हे जमणार नाही. त्यासाठी शुक्रवारची एक रजा काढलेली परवडते. पोलीस ठाणं आणि सरकारी रुग्णालयाची तातडीची सेवा मात्र सातही दिवस सुरू असते.

*एसटी.* काही फेऱ्या शाळेच्या मुलांसाठी असतात, त्या रविवारी सुटत नाहीत. येताना जी गाडी मिळाली तीच परतीला मिळेल असं धरू नका. निघण्याआधी स्थानकावर "रविवारी शेवटची गाडी किती वाजता?" एवढं विचाराच.

भाग २: पैसा

बँकांची सुट्टी सगळ्या जणींना पाठ असायला हवी. १ सप्टेंबर २०१५ पासून महिन्याचा दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सुट्टी असते, रविवार तर असतोच. पहिला, तिसरा आणि असलाच तर पाचवा शनिवार बँक सुरू असते.

दुसरा शनिवार कोणता, हे ओळखायची सोपी खूण सांगते. शनिवारची तारीख बघा:

- ८ ते १४ मध्ये आली, तर दुसरा शनिवार. बँक बंद.
- २२ ते २८ मध्ये आली, तर चौथा शनिवार. बँक बंद.
- बाकी तारखांना बँक सुरू, सणाची सुट्टी नसेल तर.

आता भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि या महिन्याचे दोन शनिवार लाल पेनाने गोल करा. त्याला लागून सोमवारी सण आला, तर बँक सलग तीन दिवस बंद. अशा वेळी एटीएममधले पैसेही लवकर संपतात. म्हणून प्रवासाची रोकड गुरुवारी किंवा शुक्रवारीच काढून ठेवा. दहा-वीस-पन्नासच्या नोटा मागून घ्या, कारण रविवारी पाचशेची नोट मोडून द्यायला गावात कोणी नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्यांच्या कर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप वळता होतो, त्यांनी नीट ऐका. बँकेचं दार रविवारी बंद असतं, पण हप्ता कापणारी यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून सुट्टीच्या दिवशीही सुरू असते. म्हणजे हप्त्याची तारीख रविवारी आली, तर रविवारीच पैसे कापले जाऊ शकतात, पण रोख भरायला खिडकी मात्र सोमवारी उघडणार! खात्यात पैसे कमी असले तर हप्ता परत जातो, दंड बसतो आणि आपली कर्जाची नोंद खराब होते. पुढचं कर्ज मागताना ती नोंद समोर येते. म्हणून हप्त्याची तारीख शनिवार-रविवारी असेल, तर शुक्रवारीच खात्यात भर टाका. प्रवासाला निघायच्या गडबडीत हेच नेमकं राहून जातं.

सुट्टीच्या दिवशी पैसे मिळवायचे मार्गही आहेत:

- बँक सखी. तिच्याकडे अंगठा लावून, आधार जोडलेल्या खात्यातून रविवारीही पैसे काढता येतात. मात्र रेंज आणि तिच्याकडची रोकड या दोन्ही गोष्टी लागतात, म्हणून आदल्या दिवशी फोन करा.
- फोनवरून पैसे पाठवणं. यूपीआय चोवीस तास चालतं. साध्या फोनवरून *९९# लावूनही पैसे पाठवता येतात, पण त्याची नोंदणी आधी करून ठेवावी लागते. घाटात आणि खाडीपलीकडे रेंज जाते हे विसरू नका. फोनमध्ये पैसे असले तरी जाण्या-येण्याच्या भाड्याएवढी रोकड वेगळी ठेवा. ती पर्समध्ये नको, आतल्या खिशात.

भाग ३: औषधं

आमच्या प्रभागातल्या एका ताईंचा अनुभव सांगते. नाव न घेता लिही, असं त्यांनीच सांगितलं. त्या सासूबाईंना घेऊन शनिवारी लेकीकडे गेल्या. सासूबाईंना बीपीची गोळी रोज लागते. पट्टीत एकच गोळी उरली होती. "तिकडे घेऊ," म्हणून निघाल्या. लेकीच्या गावात मेडिकल एकच, आणि ते रविवारी बंद. रविवार गोळीविना गेला. सोमवारी पहाटे सासूबाईंना गरगरायला लागलं, डोकं ठणकायला लागलं. रिक्षा ठरवून तालुक्याला नेलं. वेळेत पोचल्या, सगळं निभावलं. पण गोळी होती दोन-चार रुपयांची, आणि गाडीला गेले बाराशे रुपये. घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला तो वेगळाच.

म्हणून औषधांचा नियम असा धरूया:

१. जितके दिवस बाहेर, त्याहून तीन दिवसांची औषधं जास्त. दोन दिवसांसाठी निघालात तर पाच दिवसांच्या गोळ्या बरोबर. गाडी चुकली, मुक्काम वाढला, तरी अडचण नाही.

२. पट्टी कापताना नाव आणि तारखेची बाजू जपा. ज्या टोकाला औषधाचं नाव आणि मुदत छापलेली असते, ते टोक शेवटपर्यंत ठेवा. गोळ्या दुसऱ्या टोकाकडून संपवा. सुट्ट्या गोळ्या पुडीत बांधून नेल्या, तर परक्या गावच्या डॉक्टरला त्या कशाच्या आहेत हे कळणार कसं?

३. चिठ्ठीचा फोटो. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा आणि पट्टीचा स्पष्ट फोटो फोनमध्ये ठेवा, घरातल्या आणखी एकाला पाठवा. कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं, तेही फोटोत यायला हवं. एका कंपनीची गोळी मिळाली नाही, तर डॉक्टर तेच औषध दुसऱ्या कंपनीचं लिहून देऊ शकतात.

४. इन्सुलिन उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका आणि बर्फाला थेट चिकटवूही नका. गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं. सुईही मोजून जास्तीची घ्या.

५. गोळी चुकलीच, तर आपल्या मनाने दुप्पट घेऊ नका. डॉक्टरांना फोन करून विचारा.

मेडिकल बंद असेल तर कुठे जायचं? मोठ्या रुग्णालयाजवळचं मेडिकल बहुधा उशिरापर्यंत आणि सुट्टीतही उघडं असतं, तिथे आधी बघा. पाहुण्या गावच्या आशाताईंना शोधा. त्यांच्याकडे ओआरएस, तापाची गोळी अशी साधी औषधं असतात. जास्त त्रास वाटला तर वेळ न घालवता १०८ ला फोन करा, रुग्णवाहिका फुकट येते. रविवारी प्राथमिक आरोग्य केंद्राची रोजची तपासणी बंद असली, तरी तातडीच्या पेशंटला बघितलं जातं. सावंतवाडी आणि कणकवलीची उपजिल्हा रुग्णालयं आणि ओरोसचं जिल्हा रुग्णालय इथेही रात्री-बेरात्री तातडीची सेवा मिळते.

जुलाब सुरू झाले आणि ओआरएसचं पाकीट मिळालं नाही, तर घरी करता येतं: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा घ्यायचा. मीठ जास्त झालं तर ते लहान बाळाला घातक ठरतं, म्हणून मोजूनच घाला.

भाग ४: शिदोरी आणि लहान मुलं

रविवारी दुपारी खानावळी बंद मिळतात, हे आपल्या आयांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. त्या शिदोरीशिवाय उंबरा ओलांडत नसत. तांदळाची भाकरी, लसणीची चटणी, खटखटे लाडू, पिकलेली केळी, हे दिवसभर टिकतं. उन्हाळ्यात ओला नारळ घातलेलं काही नेऊ नका, ते लवकर आंबतं.

वरचं दूध पिणारं बाळ बरोबर असेल, तर दुधाचा भरवसा रविवारच्या दुकानावर ठेवू नका. जिथे जाणार तिथे आदल्या दिवशी सांगून ठेवा. आणि ताईंनो, पॅड. पाळीची तारीख जवळ असो वा नसो, पिशवीच्या तळाशी दोन-चार असूच द्या. बंद बाजारपेठेत बाई किती अवघडून जाते, ते आपल्याला माहीत आहे. आपल्याला लागले नाहीत, तर बरोबरच्या कोणाला लागतील.

भाग ५: माल विकायला जाताना

शनिवार-रविवार म्हणजे पर्यटकांचे दिवस, म्हणून प्रदर्शनंही त्याच दिवसांत असतात. एका गटाचा मालवणी मसाला शनिवारी संध्याकाळपर्यंत हातोहात खपला. पाकिटं संपली, मसाला मात्र दहा किलो शिल्लक होता. रविवारी पाकिटं आणि लेबलं घ्यायला गेल्या, तर होलसेलची दोन्ही दुकानं बंद. वजन, तारीख आणि नोंदणी क्रमांक नसलेल्या साध्या पिशवीत मसाला विकता येत नाही. गिऱ्हाईक समोर, माल डब्यात, आणि विक्री शून्य. तो मसाला त्यांना परत आणावा लागला.

म्हणून प्रदर्शनाला निघताना मालाच्या यादीशेजारी दुसरी यादी करा: पाकिटं आणि लेबलं अंदाजापेक्षा दीडपट, चिकटपट्टी, कात्री, मार्करपेन, काट्याचे सेल, सुटे पैसे, क्यूआर कोडची जास्तीची प्रत, पावतीपुस्तक. या वस्तू स्वस्त असतात, पण रविवारी त्यांच्यावाचून मोठी विक्री अडते.

भाग ६: दुकानदाराचीही सुट्टी असते

हेही बोलायला हवं. आपल्या गटातल्याच कितीतरी जणी किराणा दुकान, पिठाची गिरणी, चहाची टपरी चालवतात. रविवारी दुपारी जेवणाच्या ताटावरून कोणी हाक मारून उठवलं, की कसं वाटतं ते त्यांना विचारा. म्हणून साखर संपली, बिस्किटं हवीत, अशा कामासाठी बंद दाराची कडी वाजवू नये. कोणी आजारी असेल तर मात्र संकोच करू नये. गावचा माणूस अशा वेळी दार उघडतोच.

आणि ज्यांचं दुकान आहे त्यांनी एवढं करावं: दारावर वेळेची पाटी लावा. 'दुपारी १ ते ४ बंद, रविवारी सकाळी १० पर्यंत सुरू', अशी, जी तुमची वेळ असेल ती, खडूने लिहिली तरी चालेल. परक्या गावची बाई पिशव्या घेऊन उन्हात उभी असते, तिला थांबायचं की जायचं ते पाटीवरून कळतं.

आजचं काम: गटाची 'वेळांची वही'

प्रवासाच्या सगळ्या गोष्टी लक्षात ठेवायचं काम घरात एकट्या बाईवर येतं. काही राहिलं की बोलणीही तीच खाते. हे ओझं वाटून घेण्यासाठी ही वही. शंभर पानी वही घ्या. आपण वरचेवर जातो त्या प्रत्येक गावाला एक पान द्या आणि त्यावर एवढं लिहा:

- बाजाराचा वार, दुकानांच्या सुट्टीचा वार, दुपारची बंद वेळ
- रविवारी उघडं असणारं मेडिकल
- जवळचं सरकारी रुग्णालय
- रविवारची पहिली आणि शेवटची एसटी
- तिथल्या गटातल्या एका ताईचा आणि बँक सखीचा फोन, त्यांना विचारून
- ही माहिती कोणी, कोणत्या तारखेला लिहिली

शेवटची ओळ विसरू नका. वेळा बदलतात, म्हणून दर तीन महिन्यांनी पान तपासायचं. जी ताई ज्या गावाला जाऊन येईल, तिने त्या गावाचं पान भरायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, दुसरीने लिहायचं. सासरचं गाव, माहेरचं गाव आणि दवाखान्याचं गाव अशी तीन पानं प्रत्येकीच्या माहितीतून निघाली, तरी दहा जणींच्या गटाची तीस पानं होतात. ग्रामसंघाच्या बैठकीत गटांनी एकमेकींच्या वह्या उतरवून घेतल्या, तर तालुक्यातलं बहुतेक गाव त्यात येईल.

चर्चेसाठी प्रश्न

१. शनिवार-रविवारी दुकान किंवा बँक बंद असल्यामुळे तुमचे पैसे किंवा वेळ कधी वाया गेला? तेव्हा कोणती गोष्ट आधी माहीत असती तर बरं झालं असतं?

२. आपल्या गटात कोणाच्या हप्त्याची तारीख येत्या दोन महिन्यांत शनिवार-रविवारी येते? आत्ताच कॅलेंडरमध्ये बघा.

३. घरात रोज गोळी घेणारं कोण आहे? पट्टीत आज किती गोळ्या आहेत, हे न बघता सांगता येईल का?

४. प्रवासाच्या पिशवीतल्या कोणत्या दोन गोष्टींची जबाबदारी घरातल्या पुरुषांकडे किंवा मोठ्या मुलांकडे देता येईल? आजच ठरवा आणि घरी गेल्यावर सांगा.

वहीची निदान तीन पानं भरून पुढच्या बैठकीला आणा. मी गटभेटीला येईन तेव्हा ती बघेन, आणि ज्या गावाचं पान माझ्याकडे नसेल ते उतरवूनही घेईन. दर शनिवारी मलाही कुठे ना कुठे जायचंच असतं!

तुमची,
क्षेत्र समन्वयक